ओळखीचं भूत

चूल आवरून, जनावरांना चारा टाकून आता जरा टेकला असाल. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील आणि काहीजणी म्हणतील, "रात्रीच्या वेळी हे कशाला काढलं?" आज आपण भुताखेतांच्या पुस्तकांविषयी आणि ती वाचणाऱ्या बायांविषयी बोलणार आहोत.

आमच्या गटाची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पन्नास-साठ पुस्तकं आहेत. काही लोकांनी दिलेली, काही रद्दीतून निवडलेली, काही नगरहून विकत आणलेली. कर्जाचं रजिस्टर जसं आम्ही काटेकोर ठेवतो, तसंच या पुस्तकांचंही ठेवतो. एकदा मार्चअखेरीला सगळी रजिस्टरं तपासायला बसलो, तर नारायण धारपांच्या एका कादंबरीपुढे सगळ्यात जास्त नोंदी निघाल्या. वाटलं, वा, बरेच वाचक झाले! नावं मोजली तर पाचच. म्हणजे त्याच पाच बाया तेच पुस्तक फिरून फिरून नेत होत्या. एका मावशींचं नाव तर वर्षात चार वेळा.

आम्ही त्यांना विचारलं, "मावशी, शेवटी काय होतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. मग पुन्हा कशाला नेता?"

मावशी म्हणाल्या, "पाठ आहे म्हणूनच नेते. शेवट माहीत असला की निवांत भिता येतं."

बैठकीत सगळ्या हसल्या. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. बाईला निवांत भ्यायला कुठे मिळतं? आपली भीती नेहमी घाईची असते. पाऊस येईल का, हप्ता भरेल का, पोरगी एसटीने वेळेवर घरी येईल का. तेव्हा हे निवांत भिणं आपल्याकडे कुठून आलं, ते आम्ही शोधायला लागलो. जे सापडलं ते आज सांगतो.

पुस्तकं नव्हती तेव्हाही भुतं होतीच. आपल्या लहानपणी आपण कोणाकोणाला भ्यायचो ते आठवा. पिंपळावरचा मुंजा. विहिरीत पाय ओढणारा गिऱ्हा. हडळ, जखीण, अलवंतीण. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज साहेबाने मराठीचा मोठा शब्दकोश केला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यातही यांतली बरीच मंडळी बसलेली आहेत. आता ही यादी जरा थांबून बघा. मुंजा कोण? मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला तो मुलगा. अलवंतीण कोण? पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्ह्याची भीती कुठे? जिथे माणसं बुडतात त्या पाण्यात. म्हातारपणी, नातवंडं बघून, समाधानाने गेलेल्या माणसाचं भूत कोणी सांगत नाही.

म्हणजे या गोष्टींत अकाली गेलेल्यांची आठवण आहे. बाळंतपणात किती बाया गेल्या याची नोंद त्या काळी गावात कोण ठेवणार होतं? कागदावर नोंद नव्हती, पण चिंचेखाली अलवंतीण आहे, तिकडे तिन्हीसांजेला जाऊ नको, हे मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा तिला बहुतेक एखादी खरी सून किंवा खरी जाऊ आठवत असावी.

पुन्हा पुन्हा ऐकायची सवय मात्र आपल्याला पोथीने लावली. 'नवनाथ भक्तिसार' ही मालू कवींची पोथी शके १७४१ ची, म्हणजे १८१९ सालची. चाळीस अध्याय. आपल्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे, त्यामुळे या भागात ही पोथी घरोघरी. एकजण वाचणार आणि बाकीच्या वाती वळत ऐकणार. त्यात मच्छिंद्रनाथांची वेताळाशी आणि त्याच्या भूतसेनेशी गाठ पडते तो भाग आला, की आम्ही पोरं आजीच्या मांडीला चिकटायचो. नाथच जिंकणार हे गेल्या वर्षीपासून ठाऊक असायचं. तरी पाय गोधडीच्या आत घ्यावेच लागायचे. पुढच्या श्रावणात पुन्हा तोच अध्याय आणि पुन्हा तीच गोधडी. मावशी ज्याला निवांत भिणं म्हणतात, ते आम्ही तिथेच शिकलो.

मग छापखाने आले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आणि प्रेतातला वेताळ त्याला कोडी घालतो, त्या गोष्टी. आपल्या नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, राज्यातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. पण तेव्हा वाचणाऱ्या बाया होत्या कुठे? त्यानंतर वर्षभराने, १८३९ मध्ये, सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई नगरला आल्या आणि त्यांनी इथे मुलींना शिकवलं. याच फरारबाईंकडे पुढे सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे सावित्रीबाईंच्या हातातला खडू आपल्या नगरमधून गेला आहे, हे विसरू नका.

नगरमध्येच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. त्या 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या पुण्याच्या शाळेतली, मांग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं. त्यात तिने सांगितलं, की मोठमोठ्या इमारती बांधताना आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पायात पुरत असत.

हे वाचलं तेव्हा आमच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण जुन्या वाड्याच्या पायात कोणीतरी पुरलेलं आहे, ते रात्री हाका मारतं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. गोष्ट सांगणारे पुरलेल्याचं नाव किंवा जात कधी सांगत नाहीत. मुक्ताने सांगितली. त्यानंतर वाड्याच्या भुताची गोष्ट आम्हाला पहिल्यासारखी वाचता आली नाही. वाचतो, पण आता भुताची बाजूही ऐकू येते. पुन्हा वाचण्याचा हा पहिला फायदा.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. 'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव तुम्ही सिनेमामुळे ऐकलं असेल. मेलेल्या देहांचे तुकडे जोडून एक तरुण संशोधक जिवंत प्राणी तयार करतो आणि मग त्यालाच घाबरून पळतो. ही कादंबरी १८१८ साली इंग्लंडमध्ये छापली, तेव्हा तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. ती लिहिली होती मेरी शेली या बाईने. लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांसाठी १७९२ मध्ये पुस्तक लिहिणारी मोठी बाई. ती १७९७ मध्ये मुलीला जन्म देऊन थोड्याच दिवसांत बाळंतज्वराने गेली. पुढे या मुलीचं स्वतःचं पहिलं बाळही १८१५ मध्ये काही दिवसांचं होऊन गेलं. तिने मेलेल्याला जिवंत करण्याची गोष्ट का लिहिली असेल, हे आपल्याला कोणी वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडची अलवंतीण आणि तिकडचा तो राक्षस, दोघांचंही मूळ बाळंतिणीच्या खोलीत आहे.

आता आपल्या मराठीकडे परत येऊ. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि पुढे दिवाळी अंकांची परंपराच पडली. त्याच वाटेने 'नवल', 'धनंजय' असे रहस्य आणि भीतीच्या कथांचे अंक घरात आले. बाबुराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड म्हटलं, की जुन्या लोकांचे डोळे आजही चमकतात.

पण भीतीचे आपले बादशहा म्हणजे नारायण धारप. जन्म १९२५, मृत्यू २००८. शंभराहून जास्त पुस्तकं. 'चेटकीण', 'लुचाई', 'शपथ', '४४० चंदनवाडी' ही नावं आमच्या पेटीवर वाकलेल्या बाया न बघता सांगतात. त्यांच्या गोष्टीत बहुधा साधं घर असतं. नोकरीवाला नवरा, बायको, एखादं मूल. आधी फार काही होत नाही. एखादा वास येतो. एका खोलीत उगाच गारवा लागतो. कोणीतरी जिना चढल्यासारखं वाटतं. मग हळूहळू गळ्याशी येतं, आणि अनेक गोष्टींत अशा वेळी समर्थ नावाचा त्यांचा नायक मदतीला येतो. 'लुचाई' ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या एका कादंबरीवर बेतलेली आहे, असं आमच्या गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने सांगितलं, तेव्हा मावशींना जरा वाईट वाटलं. मग त्याच म्हणाल्या, "असू दे. माझ्या आजीने तरी गोष्टी स्वतः कुठे रचल्या होत्या? तिनेही कुठूनतरी ऐकल्याच होत्या." २०१८ साली 'तुंबाड' नावाचा हिंदी सिनेमा आला, त्यामागेही धारपांच्या कथांची प्रेरणा आहे.

दुसरे रत्नाकर मतकरी. १९३८ चा जन्म. २०२० च्या मे महिन्यात करोनाने गेले. त्यांच्या 'गूढकथा'. यात भूत नसलं तरी भीती असते, कारण भीती माणसाच्या मनातच असते. 'खेकडा', 'गहिरे पाणी' वाचून बघा. मुलांच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चिंची चेटकीणही त्यांचीच. तिला बघून मुलं किंचाळतात आणि लगेच हसतात.

आता पुन्हा वाचण्याबद्दल. आमच्या पाचही वाचणाऱ्या बायांना आम्ही विचारलं. त्यांचं म्हणणं असं. पहिल्यांदा वाचताना आपण नुसत्या पळतो. पुढे काय, पुढे काय, आणि चुलीवरची भाकरी करपते. दुसऱ्यांदा वाचताना बारीकसारीक दिसायला लागतं. लेखकाने तिसऱ्याच पानावर दाराची कडी हलवली होती, आणि आपलं लक्षच नव्हतं! तिसऱ्यांदा आपण गोष्टीतल्या बाईकडे बघतो. घरात काहीतरी वेगळं आहे हे बहुतेक वेळा पहिल्यांदा बाईला कळतं. ती सांगते, आणि घरचे म्हणतात, "तुला भास होतात." हे वाक्य आलं की आमच्या बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघतात. भूत खोटं असेल, पण हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

आमच्यातली एकजण ऊसतोडीला जाते. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचं ते उन्हाळ्यातच परत. जाताना ती तेच एक फाटकं पुस्तक मागते. म्हणते, "नवं पुस्तक नको. पहाटे उठून तोडीला जायचं असतं. नवं घेतलं की सोडवत नाही. हे कुठेही उघडावं, दोन पानं वाचावीत आणि मिटून झोपावं." कोपीत, उसाच्या फडाच्या कडेला, बिबट्याची खरी भीती असताना ती बाई पुस्तकातल्या भुताला भिऊन झोपते. तिच्या मते, त्यानेच तिला झोप लागते.

ज्या आज्ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात. एखादं पान आम्ही घाईने सोडलं, तर "अगं, त्या मांजराचं राहिलं की!" म्हणून अडवतात.

इथपर्यंत सगळी गंमत झाली. आता गमतीबाहेरचं सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी गावातली एक सून बाळंत होऊन सासरी आली. आठ-दहा दिवसांत तिची झोप उडाली. बाळाला जवळ घेईना. कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे म्हणायची. घरात बोललं गेलं, अलवंतीण लागली. देवऋषी आला. त्याने काळं कोंबडं आणि अकरा हजार रुपये सांगितले, आणि तोवर दवाखान्याचं औषध बंद करायला लावलं. तिची सासू आमच्या गटाची सदस्य. ती बैठकीत आली आणि अंतर्गत कर्जातून अकरा हजार मागितले. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, म्हणून सचिवबाईंनी पेन वर धरलं.

कोणीच बोलेना. खोटं कशाला सांगू, आमच्यातल्या काहीजणींनाही वाटत होतं, की असेलही बाधा, देऊन टाकावेत पैसे. तेव्हा चार वेळा पुस्तक नेणाऱ्या मावशीच बोलल्या. म्हणाल्या, "मी जन्मभर भुतांच्या गोष्टी वाचल्या. पुस्तक मिटलं की भूत जातं. हे जात नाही, म्हणजे हे भूत नाही, दुखणं आहे. कारण म्हणून 'दवाखाना' लिहा."

तसंच लिहिलं. त्याच दिवशी जीप केली. तालुक्याच्या दवाखान्यातून नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, की बाळंतपणानंतर काही बायांना असा मनाचा गंभीर आजार होतो, तो औषधाने बरा होतो, पण त्यात एक दिवसही घालवायचा नसतो. उशीर झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. ती मुलगी काही महिन्यांत बरी झाली. आज ती गटात बचत भरते.

म्हणून मैत्रिणींनो, हेही इतिहासातच मांडायला हवं. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत १२ गोष्टी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं हा गुन्हा आहे. एखादी बाई करणी करते, असं म्हणून तिला छळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आणि बाळंतिणीची झोप उडाली, ती विचित्र बोलायला लागली, तर आशाताईंना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत.

त्या प्रसंगानंतर गटात मोठा वाद झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही पुस्तकंच पेटीतून काढा. यांनीच डोक्यात भुतं भरली." त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. धारपांच्या गोष्टीत भूत खरं असतं आणि समर्थ ते खरोखर घालवतो. कोवळ्या मनाला ते खरं वाटू शकतं. पण त्यावर एक आज्जी म्हणाल्या, "समर्थ पुस्तकातून उठून आपल्या दारात कोंबडं मागायला येत नाही. आणि ही पुस्तकं यायच्या आधी गावात देवऋषी नव्हते का?" दोन बैठका याच विषयावर गेल्या. शेवटी हात वर करून ठरवलं. पुस्तकं राहतील. पण भीतीचं पुस्तक परत करताना त्यातलं काय खोटं आणि काय खरं, ते दोन मिनिटं बैठकीत सांगायचं.

या दोन मिनिटांत आम्ही जे ऐकलं, ते कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. एकजण म्हणाली, "भूत खोटं, पण त्या घरात बाईला एकटीला बसायला जागा नव्हती, ते खरं." दुसरी म्हणाली, "सगळं खोटं, पण मजा आली." तेही चालतं. मजा आली हे सांगायला बाईने लाजू नये.

आजारातून उठलेली ती सून मात्र भुताचं पुस्तक नेत नाही. ती शिवणकामाचं नेते. आम्ही तिला कधी आग्रह केला नाही. ज्या भीतीतून ती गेली, ती पान मिटून थांबणारी नव्हती. निवांत भिणं कोणाला जमावं आणि कोणाला जमू नये, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुमच्या गावात वाचनालय असेल तर तिथे जाऊन बघा. १९६७ च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. तिथली पुस्तकं आपल्यासाठीही आहेत, नुसत्या पेपर वाचणाऱ्या पुरुषमंडळींसाठी नाहीत. वाचनालय नसेल तर आमच्यासारखी एक पेटी करा. दहा पुस्तकांनी सुरुवात होते. आणि एखादी तेच पुस्तक पुन्हा मागायला आली, तर "वाचलंस की एकदा!" असं म्हणू नका.

आमच्या त्या कादंबरीची पाठ आता पार सुटली आहे. परवा बैठकीनंतर पिठाची खळ करून आम्ही ती चिकटवली आणि वर जुन्या कॅलेंडरचा कागद लावला. वाळायला ओट्यावर ठेवली होती. वाळायच्या आतच मावशींनी रजिस्टरवर सही केली. पाचवी.

पुढच्या आठवड्यात भेटू.